कापसाचा बोळा

६ ऑक्टो.
हिंगणीकडच्या गावाला आमच्या वीज कंपनीच्या स्टोअरमधून दिलेला ट्रान्सफॉर्मर चौथ्याच दिवशी जळाला. गावाच्या टाकीत पाणी चढत नाही, बाया विहिरीवर. साहेब म्हणाले, "मेश्राम लाइनमननं जोडणी बरोबर केली नसन." मी मान डोलावली. का डोलावली, देव जाणे.

७ ऑक्टो.
जळका ट्रान्सफॉर्मर स्टोअरला परत आला. जेवणाच्या सुट्टीत एकटीनं ब्रीदर उघडला. आत ओला बोळा. माझाच.
जूनमध्ये याचा ब्रीदर (निळ्या दाण्यांची ती बरणी, टाकीत जाणाऱ्या हवेतली ओल पिते) काढून दुसऱ्याला लावला होता. नवा येईपर्यंत म्हणून नळीत कापूस कोंबला. आम्हा हिंगणघाटवाल्यांना भोक दिसलं की कापूसच सुचतो. कापूस पाणी धरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ट्रान्सफॉर्मर पावसाळाभर उघड्यावर, काळ्या मातीत. देताना नवा ब्रीदर बोळ्यावरच बसवला. तेलात ओल उतरली की ट्रान्सफॉर्मर जळतो, तरी तेल तपासलं नाही. रजिस्टरला लिहिलं, 'तपासले, ठीक.'
बोळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पर्समध्ये टाकला. कुणी पाहिलं नाही. लाज वाटते.

९ ऑक्टो.
मेश्रामभाऊ आले. एका हातात चौकशीची नोटीस, दुसऱ्या हातात सीताफळं.
"ताई, म्या एकेक नट पाहून कसला. तुमाले काई दिसलं काय त्याच्यात?"
"नाही भाऊ."
"गावातले लोक माह्याशी बोलून नाई राह्यले. बावीस वर्षं झाले मले त्या लाइनवर."
सीताफळं ठेवून गेले. नको म्हणायला तोंड कुठलं.

१० ऑक्टो.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "गप राह्य. जुना माल होता म्हणतीन अन् सोडून देतीन." मलाही तेच ऐकायचं होतं. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

११ ऑक्टो.
दिवसभर आवारात. हमालांकडून उरलेले सगळे ट्रान्सफॉर्मर लाकडी ओंडक्यांवर चढवले, नळ्या एकेक तपासल्या. आणखी दोनांत माझेच बोळे निघाले. त्यांतला एक सोमवारी केळझरच्या बाजूला जायचा होता. अडवला. कारण विचारलं तर म्हटलं, तेल तपासायचंय. अर्धं खरं.
घरी सीताफळं पिकून फुटली. कुणी हात लावला नाही.

१३ ऑक्टो.
उद्या चौकशी. अर्ज लिहिला, तीन ओळी: कापूस मी कोंबला, मेश्रामभाऊंचा दोष नाही. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा ठेवला. सही बाकी. माझ्या नोकरीची सहा वर्षं उरलीत. भाऊंची तर दोनच.
संध्याकाळी भाऊंचा फोन. "ताई, उद्या तुमी असान ना? स्टोअरचं कोणी असलं त मले धीर राह्यते."
म्हटलं, असेन.
पर्समधून पिशवी काढून अर्जाजवळ ठेवली. आठवडा होत आला, बोळा अजून सुकला नाही.