वाटणीच्या दगडाची चार बोटं

४ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पाटाची मोजणी संपली, एकदाचा जीव भांड्यात पडला. तुमच्यामागे दोन कोस चालून माझ्या पायांचे तुकडे पडलेत, आणि तुम्ही सत्तरीतले असून सदा चार पावलं पुढे.

ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, पाटाचं पाणी दोन खाचांतून वरच्या-खालच्या मळ्यांना वाटणाऱ्या त्या वाटणीच्या दगडाचा नकाशा सगळ्यांत सुरेख झालाय. होणारच, घासून काढला ना मी तो दगड. तुम्ही नेमके त्या दिवशी डोळ्याच्या दवाखान्यात. वरच्या मळ्यांकडच्या खाचेत चिखल काय, गवत काय, शेवाळ काय, किती साचलं होतं. आता या नकाशाबरहुकूम दोन्ही खाचांना लोखंडी दारं बसतील आणि तुमचं चिखलात उतरणं थांबेल. डोळ्यात थेंब घालायला विसरू नका. बाबांना नमस्कार.

चुकलं तर कान धरा, पण माया पातळ करू नका.
तुमची पुतणी

१५ फेब्रुवारी

चि. मोजणीबाईस,
अ. आ.

डोळा बरा आहे, त्यामुळे तू करून ठेवलेलं नीट दिसलं.

अगं, तो कचरा नव्हता. वरच्यांची खाच पाण्याने झिजून चार बोटं जास्त रुंद झालीय. माझ्या आधी पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: चिकणमातीत गवत मळायचं, खाचेत थापायचं, वर शेवाळ धरू द्यायचं. तेव्हा कुठे वरच्यांना आणि खालच्यांना पाणी निम्मं-निम्मं जातं. एकतीस वर्षं दर हंगामाला थापलं आणि हूं की चूं केलं नाही. बोभाटा झाला असता तर वरचे म्हणाले असते, दगड देतोय ते हा कोण अडवणारा?

दहा दिवसांत खालच्या शेवटच्या मळ्यातल्या भाजीने माना टाकल्या. मी पुन्हा थापून घेतलंय, पण तुझ्या मापाची दारं बसल्यावर माझी माती काय कामाची? खालच्यांचं पाणी कायमचं जाईल. आणि खरं माप सांगायचं तर वरच्यांना, म्हणजे आधी दादाला, तुझ्या बाबांनाच, सांगावं लागेल की तुझं पाणी मी इतकी वर्षं अडवलं. त्याचा स्वभाव तू जाणतेस. मला धीर होत नाही बघ.

तुझ्यावर रागावलो नाही, हे दोनदा वाच.
काका

२२ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. विचारायला हवं होतं, शहाणपणा केला. आज मोठ्या बाईंना चूक सांगून नकाशा परत घेतला. त्यांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं.

पण माझ्या एकटीच्या शब्दावर माप बदलत नाही. तुम्ही दोन्हीकडच्या मळेवाल्यांसमोर सांगायचं आणि सगळ्यांनी सह्या द्यायच्या, तेही दहा मार्चच्या आत. मी येते, तुमच्या शेजारी उभी राहते. चूक माझी आणि बोलणी तुम्ही खायची, हे मला सोसवत नाही. तोवर बाबांना मी काही कळवत नाही.

धीर सोडू नका, आणि मलाही सोडू नका.
तुमची पुतणी

७ मार्च

चि. बाळीस,
अ. आ.

तू येईपर्यंत तुझा काका थांबला नाही. गेल्या रविवारी सगळ्यांना दगडापाशी बोलावून त्याने घडाघडा सांगून टाकलं. मी भर बैठकीतून उठून आलो. मी उठलो तसे वरचे सगळे उठले. सही एकाचीही झाली नाही.

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. राग पाण्याचा नव्हता. एका ताटात जेवून मोठे झालो आणि गडी एकतीस वर्षं माझ्या तोंडावर गप्प, हे जिव्हारी लागलं.

आज सकाळी दगडापाशी गेलो. हा गुडघाभर पाण्यात, हातांनी खाच चाचपत माती थापत होता. मी विचारलं, मला तरी का नाही सांगितलंस. तो वर न बघता म्हणाला, सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मग भावाचं ऐकायचं की पाटाचं, हे मला ठरवावं लागलं असतं.

पोरी, तुला खोटं कशाला सांगू, मी नको म्हणालो असतो.

तिथेच कागद मागवून पहिली सही केली. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनीही केल्या. कागद सोबत पाठवतोय, वेळेत पोचव.

आम्हा दोघांवर सारखाच जीव असू दे.
तुझे बाबा