शर्ट मीच धुतो

मिनातितलान, सोमवार

प्रिय एर्लिंदा,

तू आणि सासूबाई बऱ्या आहात असं धरूनच लिहायला बसलोय. गुडघा कसा आहे त्यांचा?

मी ठीक. जेवण मिळतं, पण घेवडा काळा, आपल्यासारखा लाल नाही.

सासूबाई विचारतात ना, "फुटबॉलचे मॅनेजर कोट घालतात, मग आमचा जावईच बेसबॉलचा मॅनेजर होऊन पन्नाशीत पोरांसारखा गणवेश घालून का मिरवतो?" त्यांना सांग, पूर्वी बेसबॉलमध्ये खेळणाऱ्यांपैकीच एकजण संघ चालवायचा. पुढे मॅनेजरचं खेळणं सुटलं, गणवेश राहिला. शिवाय चेंडू टाकणारा बदलायचा तर मलाच मैदानात जावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी वाचून काढलंय.

सध्या हरतोय, पण काळजी करू नकोस.

आधीचा मॅनेजरही असाच हरत होता. संघाच्या मालकांनी मागितला म्हणून त्यानं शनिवारी धोबीण दोन्या चेपाकडे शर्ट टाकला, तो रविवारी माझ्या अंगावर आला. म्हणूनच पोटावर घट्ट बसतो. परवा ती म्हणाली, "शर्ट द्या, मालकांनी मागितलाय."

मी म्हटलं, "तू बटणं तोडतेस. माझा मी धुईन."

"घरी बायको धुवायला लावते वाटतं," म्हणून हसली.

तेव्हापासून मीच धुतो आणि ओलाच घालतो. साबण किती लावायचा ते कळव. फेस जातच नाही.

तुझाच,
एवेलियो