धाकटीच्या उरलेल्या गोळ्या

३ जून

१. नोकरी लागली.
२. प्रयोगशाळेच्या मागच्याच गल्लीत खोली मिळाली.
३. गेल्या वर्षी माझ्या यकृताचा उजवा भाग काढून धाकट्या बहिणीला बसवला. तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिचं यकृत परकं समजून खात होत्या.
४. माझं यकृत दोनेक महिन्यांत पुन्हा भरून आलं. यकृताचं तसंच असतं.
५. दोघी ठणठणीत.

खोली छान आहे. भिंतींना नवा रंग, पूर्वेला खिडकी. कपाटाचं दार ओढलं की हातात येतं. घरमालकीण म्हणाली, त्याला ओढायचं नाही गं, विनंती करायची. खूप दिवसांनी मोठ्याने हसले. ऑपरेशनच्या वणाखाली तळहाताएवढी जागा बधिर आहे, तेवढीच काय ती आठवण.

९ जून

इथल्या वरिष्ठ संशोधकाला सगळे थर्मास म्हणतात. बाहेरून गार, आत काय आहे ते झाकण उघडेपर्यंत कळत नाही. नवीन माणसाचं रक्त ‘निरोगी नमुना’ म्हणून घ्यायचा इथे रिवाज आहे. थर्मास म्हणाला, इथे पगार नंतर, रक्त आधी.

ऑपरेशनच्या वेळी माझ्या यकृताचा एक कण गोठवून ठेवला होता. त्यातून मी बशीत तांदळाएवढे दाणे वाढवलेत. त्यांवर माझ्या पांढऱ्या पेशी सोडल्या तर त्या गप्प राहायला हव्यात, कारण दाणे घरचे. धाकटीच्या सोडल्या तर त्या तुटून पडायला हव्यात. तिच्या रक्ताची नळी उद्या येईल.

१७ जून

उलटं झालं. धाकटीच्या पेशी दाण्यांना टेकून निवांत पडल्या होत्या. माझ्या पेशींनी दाणे पोखरून चाळणी केली. थर्मास म्हणाला, ताईसाहेब, नळ्यांची अदलाबदल झाली, सगळेच एकदा करतात. मलाही तेच वाटलं.

२५ जून

थर्माससमोर रक्त काढलं. नळीवरून नजर हलवली नाही. तेच पुन्हा. धाकटीचं समजू शकते, तिच्यात माझा तुकडा आहे, पेशींना सवय झाली असेल. माझं समजत नाही.

आईचा फोन आला होता. धाकटी हल्ली बिनसाखरेचा चहा घेते, खिडकीकडच्या बाजूला झोपते. म्हणजे माझ्यासारखी. आई हसून म्हणाली, तू गेलीस असं वाटतच नाही बघ.

बधिर जागा कमरेपर्यंत आली आहे. पेनाने कडा आखून ठेवली.

२ जुलै

आईने विचारलं, गोळ्या घेतल्यास ना. मी म्हटलं, गोळ्या धाकटीला आहेत, तिच्या शरीराने माझा तुकडा झिडकारू नये म्हणून. आई म्हणाली, तिला कशाला? तिच्या डॉक्टरांनी केव्हाच बंद केल्या. तू मात्र विसरू नकोस, वेंधळी कुठली.

वेंधळी ती धाकटीला म्हणते. मला कधीच म्हटलेलं नाही.

कडा पुसून पुन्हा आखली. छातीपर्यंत.

८ जुलै

डोळे पिवळे. थर्मासने पाहिलं, विनोद केला नाही. रक्त तपासायला पाठवलं — धाकटीला होतं तेच.

टाचणी टोचून पाहिली. रक्त आलं. बाकी काही नाही.

११ जुलै

दुपारी घरी फोन केला. मी म्हटलं, आई, ताई बोलतेय. आई म्हणाली, काहीतरीच काय, ताई इथे माझ्यासमोर मटार सोलतेय, चुकीचा नंबर लागला बाई तुम्हाला. मागून कुणीतरी विचारलं, कोण गं?

माझा आवाज.

फोन ठेवला. जेवले. भांडी घासली.

१३ जुलै

इथले डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनचे कागद आल्याशिवाय औषध सुरू करता येणार नाही. त्या हॉस्पिटलने कळवलं — यकृत देणाऱ्या ताई परवाच येऊन तपासणी करून गेल्या. तब्येत उत्तम. आपण कोण?

१४ जुलै

पेन हातात आहे हे बघून कळतं. पत्र आधी इथे उतरवते.

धाकटे, तुकडा परत मागत नाही. मला चालणार नाही, बशीत पाहिलंय. तुझ्या उरलेल्या गोळ्या घरच्या कपाटाच्या खालच्या खणात असतील, निळ्या झाकणाची बाटली. तुला लागत नाहीत. मला पाठव. चहा, खिडकी, सगळं राहू दे तुझ्याकडे —

शुक्रवारपर्यंत उत्तर दे. हो किंवा नाही, एवढंच. पाकीट थर्मासच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नावाचं आता — आईने विचारलंच तर तिला सांग, की मी तिची