रुफिनोच्या ट्रकचा हीटर

रिओ गालेगोस, मंगळवार

माझी नेलिदा,

मी सुखरूप आहे. पायमोजे दोन-दोन घालतोय. आपल्या छोट्या इर्माचा खोकला कसा आहे?

तुझ्या भावाने, रुफिनोने, हा ट्रक माझ्या गळ्यात मारताना शपथ घेतली होती, "दाजी, हीटर लावलात की शर्ट काढून चालवाल!" लावला की गार वारा येतो. काच आतून गोठते, ती खरवडत चालवतो. पण तू काळजी करू नकोस.

आधी वाटलं, मुक्कामावर कुणीतरी रेडिएटरचं पाणी काढलं. पाहिलं, तर काठोकाठ भरलेलं. मग संशय मेकॅनिक बाझानवर. तो हसतच सुटला. "अहो, इंजिनचं गरम पाणी हीटरपर्यंत जातंय कुठे? हीटर गळत असणार, म्हणून कुणीतरी त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकल्यात. वर चिंधी गुंडाळून तारेने आवळलंय."

रुफिनोचंच काम, दुसरं कोण! पण ती चिंधी मी धुऊन पाहिली. हिरवी आहे, त्यावर पिवळी लिंबं.

लिंबांचा तुझा एप्रन बऱ्याच दिवसांत दिसला नाही. मी काही म्हणत नाही. फक्त तो कुठे आहे, तेवढं कळव.

गारठलेला, तरी तुझाच,
अन्सेल्मो