वळचणीला खोचलेला कप

प्रिय प्रणिता,
सप्रेम जय भीम.

लखनौच्या वृंदावन योजनेतलं आपलं घर तू गेल्यापासून फार शांत झालंय, वाद घालायला कुणी नाही. मलिहाबादचे दशहरी आंबे आणले, पण तुझ्याशिवाय फोड घशाखाली उतरत नाही. दोन महिने तू फोन उचलत नाहीस.

तुझ्या कॉलेजात मागच्या बाकावर बसून मी तुझा तास ऐकला, तो दिवस आठवतो. नवाबांच्या काळची श्रीमंती आणि आजची, असा विषय होता. घरी येऊन मी फुशारकी मारली, की तेव्हा पंखा ओढायला माणूस लागायचा, माझ्याकडे एसी आहे, म्हणजे मीच नवाब! तू शांतपणे विचारलंस, पंखा ओढणाऱ्याच्या घरी वारा होता का बाबा? आपल्या कामवालीच्या, रामकलीच्या घरी आज आहे का? गोमती नगरातल्या ज्या फ्लॅटची फरशी ती पुसते, तो घ्यायला तिच्या सात पिढ्या पुरायच्या नाहीत. डाक खात्यात तीस वर्षं साहेबांशी भांडलो, पण असं कुणी गप्प केलं नव्हतं. फार अभिमान वाटला गं तुझा.

मग तू ओट्याखालचा रामकलीचा वेगळा स्टीलचा गिलास उचललास आणि विचारलंस, हा कोणत्या काळातला? तिथे मी बिथरलो. मी शिकवलं, आता मलाच शिकवतेस, असं नको ते बोललो. तू बॅग उचललीस.

काल मी तो गिलास लपवला आणि रामकलीला आपल्या कपात चहा दिला. ती घेईना. "बाबूजी, हमारा गिलास कहाँ है?" इतक्या सहज विचारलं तिने, की मला माझी आईच समोर दिसली. तुझी आजी गयाबाई यवतमाळला मालकाच्या वळचणीला खोचलेला आपला कानतुटका कप स्वतःच काढायची, चहा पिऊन धुवायची आणि तिथेच खोचायची. मी लहान होतो, बघत उभा असायचो. तोच कप मी लखनौला आणला पोरी, फक्त स्टीलचा करून.

मग गिलास काढून त्यात मीच चहा घेतला. रामकलीने नाइलाजाने कप उचलला, समोर बसली, आणि दोन घोटांनंतर म्हणाली, "चीनी ज्यादा है." सहा वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या चहाला नाव ठेवलं.

तू बरोबर होतीस, एवढंच सांगायला हे पत्र. तोंडाने मला ते जमलं नसतं. आंबे संपायच्या आत ये. तो गिलास आता माझा आहे, तुला कप मिळेल.

तुझाच हट्टी,
बाबा