हूक आधी खुंटीवर

बाबा, तुमचा पोती उचलायचा हूक आता घरच्या खुंटीवर नाही. तो पोलिसांकडं आहे. तुमचा धाकटा, आपला लहान्या, भंडाऱ्याच्या जेलात आहे, आणि माय त्याला भेटायला जात नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत कधी तुम्हाला काही लिहिलं नाही. आठवी सोडल्यापासून सही सोडून दुसरं काही लिहिलंच नाही म्हणा. चाकणजवळच्या गोदामात जेवणाची सुट्टी आहे आणि मालाच्या चलनांच्या कोऱ्या पाठीवर लिहून राहिलो. कोणाला सांगावं ते सुचत नाही.

आपलं तुमसर तुम्हाला आता ओळखू यायचं नाही. जिथं आपण धानाच्या रोवणीला जायचो त्या बांध्यांत प्लॉटांचे लेआउट पडले, कमानी उभ्या झाल्या. दुकानं वाढली, गाड्या वाढल्या, ते चांगलंच. पण त्यासोबत हे काय वाढलं ते मला समजत नाही. भांडणं तुमच्याही वेळेस होती. दारूवरून व्हायची, शेताच्या धुऱ्यावरून व्हायची, डोकी फुटायची, आणि चार दिवसांनी तेच दोघं एका टपरीवर चहा पीत दिसायचे. आता भांडणाला कारणच लागत नाही. काहून घुरून पाहिलं, हॉर्न काहून वाजवला, एवढ्यावर चाकू निघतो. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापतात आणि व्हिडिओ टाकतात, खाली शंभर जण भाई भाई लिहितात. गावाच्या ग्रुपवर आठवड्याच्या बाजारासारखी ठरलेली बातमी येते, या चौकात भोसकलं, त्या रोडवर कापलं. मग मोठे लोक लिहितात, बाहेरची पोरं आली म्हणून. कुठची बाहेरची? सगळी आपल्याच शाळेत डबा खाल्लेली. एकेकाला विचारा कायले ठेवतोस बे जवळ, तर म्हणते, सगळेच ठेवतात म्हणून. राग येतो बाबा. इथं बसून नुसता राग येतो आणि त्याचं काही करता येत नाही.

राईस मिलची ती भिंत मला रोज आठवते. वजनकाट्याच्या मागं खिळ्यांची रांग, प्रत्येक हमालाचा आपला खिळा. तुम्ही टोळीचे मुकादम, आणि तुमचा एकच नियम, भांडायचं असेल तर हूक आधी खुंटीवर. मग काट्याच्या बाजूला उभे राहा, एकमेकांच्या सात पिढ्या काढा, कोणी अडवायचं नाही. पोत्यांच्या थप्पीपासून भिंतीपर्यंत चालत जाऊन हूक टांगेपर्यंत अर्ध्यांचा राग उतरायचा, काही तर भिंतीपाशीच हसून द्यायचे. मी नवीन होतो तेव्हा एकानं मला ‘मुकादमाचा लाडका’ म्हटलं आणि मी हूक घेऊनच त्याच्या अंगावर धावलो. तुम्ही मारलं नाही. माझा हूक काढून घेतला आणि दिवसभर नुसत्या हातानं पोती उचलायला लावली. संध्याकाळी माय चुलीपाशी माझ्या बोटांना हळद लावत होती, तुम्ही दारात बसून बिडी पीत होता. तेव्हा म्हणालात, “हातात हूक असला का समोरचा माणूस पोतं दिसते बे.” तुम्ही गेल्यावर टोळीनं तुमचा हूक घरी आणून दिला. मायनं तो स्वयंपाकघराच्या खुंटीवर टांगला. दसऱ्याला पुसून, हळदकुंकू लावून परत तिथंच. इथं गोदामात खोकी कापायचे कटर सुट्टी झाली की गेटवर जमा करून घेतात, त्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. पोरं शिव्या देतात. मी गुमान टाकून देतो.

आणि लहान्यानं काय केलं? पानठेल्यासमोर गाडी लावली. एक पोरगा म्हणाला, काढ. हा म्हणाला, नाही काढत. बस, एवढ्यावर त्यानं तुमचा हूक चालवला. त्या पोराच्या हातात काही नव्हतं. आता त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. तो पोरगा कोणाचा माहीत आहे? तुमच्या जोडीला थप्पी लावणाऱ्या काकांचा. काका घरी आले होते. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. मायनं दिलेलं पाणी प्याले, रिकाम्या खुंटीकडं पाहत राहिले आणि एवढंच विचारलं, “वहिनी, मुकादमाचा हूक कोणं काढला जी?”

तेव्हापासून माय तेच विचारते. मी फोनवर म्हटलं, माय, एकदा त्याला भेटून तर ये, तुझीच वाट पाहत असेल. तर म्हणते, “हातानं मारलं असतं तर मी वकिलाच्या पाया पडली असती. ज्यानं तो हूक काढला, त्याचं तोंड मी पाहत नाही.” वकील म्हणतो, मायनं यावं, कोर्टात बरं दिसते. लहान्यालाही विचारलं सगळ्यांनी. तो काहीच बोलत नाही.

मी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आलो होतो गेल्या खेपेस. लहान्याच्या कपाळावर टाके होते. लेआउटच्या दोघांनी धरून मारलं होतं, वाटेत उभा होता म्हणून. दंडारीचा खेळ पाहायला यायला तयार नव्हता. म्हणाला, “दादा, तू जातोस निघून. मले इथंच राहायचं आहे.”

हे कागद मी कुठं टाकणार? तुमचा पत्ता नाही, आणि मायला वाचता येत नाही. तिला फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं. ती विचारते, जेवला का? मी म्हणतो हो, आणि ठेवून देतो.

लहान्यानं नाही काढला, बाबा. मंडईच्या त्याच खेपेस, माय परसात भांडी घासत होती तेव्हा मीच काढला, त्याच्या गाडीच्या डिक्कीत ठेवला आणि म्हटलं, असू दे जवळ, नुसता दाखवायचा. काढताना तुमचा नियम आठवला होता. आठवूनच काढला.