विल्मरच्या जबानीखालची सही

ह्यूस्टन, शनिवार

प्रिय मिर्ना,

तुझे चारही फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू हसलीस की मी विरघळते, हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून कागद घेतला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं. चर्चच्या तळघरातल्या ज्या भिंती मी पिवळ्या समजत होते, त्या पांढऱ्या निघाल्या. आज तिथे मी एकटीच बसले होते. निर्वासितांना फुकट कायदेमदत देणारं आपलं ते दोन टेबलांचं दुकान बावीस वर्षांत पहिल्यांदाच वकिलाशिवाय उघडलं. "नीन्या, वकीलबाई कुठायत?" असं सगळे विचारत होते. साठी उलटली तरी आपल्या साल्वादोरच्या माणसांना मी 'नीन्या', म्हणजे पोरगीच! तुला बरं नाही म्हणून सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही, पण तुझ्यासाठी येतं. शाळेत असल्यापासून येतं.

सांता आनाचं आपलं कॉन्व्हेंट आठवतं ना? सिस्टर इन्माकुलादा बोटांवर पट्टी मारून आपलं अक्षर घडवायची. उजवीकडे झुकलेलं, शेपटीला वेलांटी. तुझं-माझं अक्षर इतकं एकसारखं झालं, की माझ्या शिक्षेच्या शंभर ओळी तू लिहून द्यायचीस आणि सिस्टरला पत्ता लागत नसे. तेव्हा मला ते केवढं प्रेम वाटायचं!

रोसिबेल आश्रयाच्या अर्जासाठी आपल्याकडे चार शनिवार आली. पहिले तीन शनिवार नुसती पदराशी, म्हणजे त्या लाल स्वेटरच्या टोकाशी, चाळा करत बसायची. तू म्हणायचीस, "आयदे, तू त्यांना रडू दे, मी त्यांना खटला जिंकून देते." चौथ्या शनिवारी ती बोलली. भावाला उचलून नेणाऱ्यांनी त्याचे बूट उंबऱ्यावर नीट जोडून ठेवले होते, नाड्या एकमेकींत गाठ मारून. मी तिच्याच शब्दांत ते लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि 'तिच्या भाषेत वाचून दाखवलं, तिला समजलं' या ओळीखाली दुभाषी म्हणून सही केली. त्या ओळीशिवाय आपली कुठलीच जबानी कोर्टात जात नाही.

मंगळवारी विल्मरच्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी होती. त्याच्याही भावाला असंच उचलून नेलेलं. मी मागच्या बाकावर बसले होते. सरकारी वकिलानं रोसिबेलची आणि विल्मरची जबानी शेजारी शेजारी ठेवली. उंबरा तोच, बूट तेच, नाड्यांची गाठही तीच. दोन्हींखाली माझी सही. मिर्ना, विल्मर आला त्या शनिवारी मी डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडले होते. त्याला वाचता येत नाही. नंतर मी विचारलं तर बिचारा म्हणाला, "बाई भराभर लिहीत होत्या, नीन्या. मला वाटलं, वकिलाला जास्त कळतं." त्याचा भाऊ गुरं राखायचा गं. रबरी बूट घालायचा. त्यांना नाड्याच नसतात!

आणि तू न्यायाधीशांना काय सांगितलंस? "माझी दुभाषी आता म्हातारी झालीय. कागदांची सरमिसळ झाली असेल." मी तिथे होते हे तुला माहीत होतं. तू मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीस. मग जिन्यात माझा हात धरून म्हणालीस, "अगं, न्यायाधीशांना रोज पन्नास गोष्टी ऐकाव्या लागतात, काहीतरी ठसणारं लागतं. तू चूक कबूल कर. तुझं काय जातंय? माझी तर सनद जाईल." तुझा हात ऊबदार होता, नेहमीसारखा. मी जवळजवळ हो म्हणणारच होते.

पण रोसिबेलची फाइल त्याच न्यायाधीशांपुढे आहे. मी कागद मिसळले म्हटलं, की तिची जबानीही मिसळलेली ठरते. मग तिला आश्रय नाकारतील आणि त्याच गावी परत पाठवतील. तिच्या भावाला नेणारे तिथे अजून राहतात. उंबऱ्यावर पुढचे बूट तिचे असतील. सहीचं मी एक वेळ पोटात घातलं असतं. शाळेतही तुझं बरंच काही घातलंच की. पण तिनं चार शनिवार घालवून सांगितलेलं तिचं एकुलतं एक वाक्य तू उचललंस, आणि त्याची किंमत तिला मोजायला लावतेयस.

रोसिबेलला दुसरी वकील मिळाली आहे. विल्मरची जबानी आज मी पुन्हा घेतली. तीत रबरी बूट आहेत. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी शपथेवर सांगणार आहे, की ती सही माझी नाही आणि कुणाची आहे. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र आजच तुझ्या दारात टाकतेय. तुझी चौकशी होईल तेव्हा तुलाही वकील लागेल. निवृत्त झालेले वकील हॉलिस सोमवारी ग्रंथालयात बसतात, फी घेत नाहीत. दहाची वेळ तुझ्या नावानं घेऊन ठेवली आहे. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. त्यांना खरं सांग. पहिल्याच भेटीत, सगळं. वकिलापासून लपवलं की काय होतं, ते तूच लोकांना सांगत आलीयस.

एवढं होऊनही तुझीच,
आयदे